रक्तपिपासू आणि खरेदीखत

वाङ्मयविचाराला वाहिलेल्या नियतकालिकात मुलांसाठी काढलेल्या एका भुताच्या चित्रपटाची चर्चा व्हावी, याचे आमच्या काही वाचकांना नवल वाटेल. क्वचित कोणाला ते औचित्यभंगाचेही वाटेल. परंतु आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण शिक्षक आहेत, आणि वर्गात समोर बसलेली मुले कोणत्या कथांवर वाढत आहेत, हा प्रश्न त्यांना टाळता येण्याजोगा नाही. शिवाय एखादे रूपक शंभर वर्षे केवळ भय निर्माण करण्यासाठी वापरले जावे आणि पुढे एखाद्या विनोदी बालकथेत त्याचा मूळ अर्थ अवचित उघडा पडावा, ही घटना वाङ्मयाच्या अभ्यासकाला सर्वस्वी उपेक्षणीय वाटू नये. २ ऑक्टोबर २०२० रोजी नेटफ्लिक्सवरून प्रदर्शित झालेल्या 'व्हॅम्पायर्स व्हर्सेस द ब्रॉन्क्स' या इंग्रजी चित्रपटाच्या बाबतीत असे घडले आहे, असे आमचे मत आहे. ते का, आणि हा चित्रपट आपल्याच सूत्राला शेवटपर्यंत न्याय देतो की नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

चित्रपटाचे दिग्दर्शक ऑझ रॉड्रिगेझ हे मूळचे डॉमिनिकन प्रजासत्ताकातील. दूरचित्रवाणीवरील प्रहसनांच्या दिग्दर्शनात त्यांनी उमेदवारी केलेली आहे. कथा घडते न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स या विभागात. मिगेल, बॉबी आणि लुईस हे तिघे मित्र तेरा-चौदा वर्षांच्या घरातले. मिगेल दारोदार फिरून सर्वांची विचारपूस करतो, म्हणून वस्तीने त्याला 'छोटा महापौर' असे नाव ठेवले आहे. टोनी नावाच्या गृहस्थाचे कोपऱ्यावरचे किराणा दुकान हा या मुलांचा अड्डा. वाढत्या भाड्यामुळे ते दुकान उठण्याच्या बेतात आहे. आणि ते वाचावे म्हणून मिगेल गल्लीत जत्रेसारखा एक मेळावा भरवून पैसे जमविण्याच्या खटपटीत आहे. त्याच सुमारास 'मर्नाऊ प्रॉपर्टीज' या नावाची एक कंपनी वस्तीतली दुकाने आणि घरे एकामागून एक विकत घेऊ लागते. विकणारी माणसे चांगले पैसे घेऊन उपनगरात राहावयास गेली, असे सर्वजण समजतात. प्रत्यक्षात ती कोठेच गेलेली नसतात. खरेदी करणारे रक्तपिपासू पिशाच्च आहेत, ही गोष्ट प्रथम मिगेलच्या लक्षात येते, आणि कोणीही मोठे माणूस त्याच्यावर विश्वास ठेवीत नाही. पुढचे संविधानक या जातीच्या कथांच्या वाचकाला सहज तर्काने ताडता येईल.

ज्या सामाजिक घटनेभोवती हे संविधानक रचले आहे तिला इंग्रजीत 'जेंट्रिफिकेशन' असे म्हणतात. रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९६४ साली लंडनच्या पालटत्या वस्त्यांविषयी लिहिताना हा शब्द प्रथम रूढ केला. श्रमिकांच्या वस्तीत अधिक पैसेवाली माणसे राहावयास येतात, घरांची डागडुजी होते, किमती आणि भाडी चढतात, आणि मूळचे रहिवासी एकेक करून बाहेर फेकले जातात; या सगळ्या प्रक्रियेला तो शब्द आहे. मराठीत त्यासाठी 'उच्चभ्रूकरण' असा शब्द योजिलेला आढळतो. तो शब्द येणाऱ्यांचे वर्णन करतो. जाणाऱ्यांविषयी तो काहीच बोलत नाही. आम्ही या लेखापुरता 'वस्तीपालट' हा साधा शब्द वापरू. त्यात निदान वस्ती आणि तिचे पालटणे या दोन्ही गोष्टी येतात.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. रक्तपिपासू पिशाच्च आणि जमीनजुमल्याचा दलाल यांची सांगड घालणे ही या चित्रपटाची नवी कल्पना आहे, असे वरवर पाहता वाटेल. वस्तुतः ती सांगड या कथाप्रकाराच्या पायातच आहे. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभी जोनाथन हार्कर हा तरुण कायदेपंडित ट्रान्सिल्व्हानियाला जातो तो कशासाठी? काउंट ड्रॅक्युलाला लंडनजवळच्या पर्फ्लीट येथील कारफॅक्स नावाचे घर विकत घ्यावयाचे आहे, त्याची कागदपत्रे पुरी करण्यासाठी. काउंट त्याच्याकडून इंग्लंडातील व्यवहाराची रीत बारकाईने समजून घेतो, आणि पुढे लंडनच्या निरनिराळ्या भागांत आणखी घरे घेऊन आपल्या मातीच्या पेट्या तेथे पोहोचवितो. म्हणजे ड्रॅक्युला इंग्लंडवर आक्रमण करतो ते सैन्य घेऊन नव्हे, खरेदीखत करून! १९२२ साली एफ. डब्ल्यू. मर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाने 'नोस्फेराटू' हा मूकपट काढला. त्यातला काउंट ऑरलॉक घर घेतो ते नायकाच्या घरासमोरचे. आणि ते विकण्यासाठी नायकाला त्याच्याकडे पाठविणारा नॉक हा घरांचा दलाल असतो. स्टीफन किंगच्या १९७५ सालच्या 'सालेम्स लॉट' या कादंबरीत पिशाच्चाचा हस्तक गावातल्या जमिनीच्या दलालाला गाठून टेकडीवरचे ओसाड घर मिळवितो, आणि मगच गावाचा नाश सुरू होतो. याच कादंबरीवर बेतलेली नारायण धारप यांची 'लुचाई' मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहे. तेव्हा ही परंपरा आपल्याला सर्वस्वी परकी नाही.

या वंशावळीची जाण चित्रपटाच्या कर्त्यांना आहे, हे त्यांनी ठेवलेल्या नावांवरूनच दिसते. कंपनीचे नाव मर्नाऊ. तिच्या वतीने सह्या घेत फिरणाऱ्या मानवी दलालाचे नाव पोलिडोरी. ते अर्थातच १८१९ साली 'द व्हॅम्पायर' ही कथा लिहिणाऱ्या जॉन पोलिडोरीवरून घेतलेले. लुईस हा ग्रंथप्रेमी मुलगा 'सालेम्स लॉट' वाचतो, आणि टोनीच्या दुकानात बसून मुले १९९८ सालचा 'ब्लेड' हा चित्रपट पाहतात. अशी नावे पेरणे हा पुष्कळदा पांडित्याचा पोरकट खेळ ठरतो. येथे मात्र त्या नावांना अर्थ आहे. पूर्वीच्या कथांतून घरखरेदी हे केवळ निमित्त होते. पिशाच्च नायकाच्या जगात शिरावे कसे, या अडचणीवर लेखकाने शोधलेला तो तोडगा होता. या चित्रपटाने ते निमित्त उचलून कथेच्या मध्यभागी ठेवले. वाचकांना त्या जुन्या संकेताचे स्मरण असेलच, की घरच्या माणसाने बोलाविल्याखेरीज व्हॅम्पायरला उंबरठा ओलांडता येत नाही. प्रथमदृश्यात नखे रंगविण्याच्या दुकानाची मालकीण आनंदाने कागदावर सही करते आणि लगेच तिचा बळी जातो. हे दृश्य पाहताना आम्हांला वाटले, की जुन्या संकेतातले आमंत्रण ते हेच. सही हाच होकार. आणि तो मनापासून, हसतमुखाने दिलेला असतो. भांडवल हे जिवंत श्रमाचे रक्त शोषून जगणारे पिशाच्च आहे, ही उपमा कार्ल मार्क्सने १८६७ सालच्या आपल्या ग्रंथात दिली होती. चित्रपटाने ती उपमा मुलांना कळेल अशा भाषेत उलगडली आहे, आणि तसे करताना कोठेही प्रवचन झोडलेले नाही.

येथे आपल्याकडच्या भूतकल्पनेशी तुलना केली तर एक मौजेचा विरोध दिसून येतो. आपल्या लोककथांतला समंध हा निपुत्रिक किंवा लोभी माणसाचे भूत. तो आपल्या वाड्याला, आपल्या पुरलेल्या धनाला चिकटून राहतो, आणि नव्या धन्याला सुखाने राहू देत नाही. कोकणात व गोव्यात देवचार किंवा राखणदार असतो. तो तर गावाच्या शिवेचे रक्षण करतो, आणि रात्री चुकलेल्या वाटसरूला घरी पोहोचविल्याच्या गोष्टीही आपण ऐकलेल्या असतात. म्हणजे आपली भुते बहुधा जुन्या रहिवाशांच्या पक्षाची; जागा सोडावयास ती तयार नसतात. युरोपातला व्हॅम्पायर हा नवागत आहे. तो दुरून येतो, पैसा घेऊन येतो, आणि आल्यावर जुन्यांना राहू देत नाही. वस्तीपालटाचे रूपक म्हणून समंध निरुपयोगी ठरला असता. व्हॅम्पायर त्या कामी नेमका उपयोगी पडला, तो या भेदामुळे.

परंतु रूपक नेमके असले तरी ते कोठे लावले, यावर त्याचे सत्य अवलंबून असते. आणि म्हणून ब्रॉन्क्सच्या पूर्वेतिहासाकडे दृष्टी टाकणे आवश्यक आहे. १९३० नंतरच्या दशकात कर्जासाठी जोखमीच्या म्हणून ज्या वस्त्या सरकारी नकाशांवर तांबड्या रंगाने दाखविल्या गेल्या, त्यांत दक्षिण ब्रॉन्क्सचा बराच भाग होता. १९४८ सालापासून रॉबर्ट मोझेस यांच्या योजनेनुसार क्रॉस ब्रॉन्क्स हा द्रुतगती मार्ग नांदत्या वस्त्या चिरून काढण्यात आला आणि हजारो कुटुंबे उठली. पुढे सत्तरीच्या दशकात आगी लागल्या. काही घरमालकांनी विम्याच्या पैशासाठी लावविल्या, काही दुर्लक्षामुळे लागल्या. आणि ऐन त्याच काळात काटकसर म्हणून शहराने अग्निशामक केंद्रे बंद केली. १९७० ते १९८० या दहा वर्षांत ब्रॉन्क्समधील सात जनगणना विभागांतल्या ९७ टक्क्यांहून अधिक इमारती आगीने किंवा ओसाड पडून गेल्या. ५ ऑक्टोबर १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर शार्लट स्ट्रीटवरच्या पडझडीत उभे राहिले, ते छायाचित्र जगभर गेले. याच विभागात, सेज्विक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी झालेल्या एका मेजवानीपासून हिपहॉप संगीताचा जन्म मानला जातो, हेही येथेच नमूद केले पाहिजे. जळत्या वस्तीने जगाला एक नवे गाणे दिले.

हा इतिहास ध्यानात घेतला म्हणजे चित्रपटातली सर्वांत भेदक कल्पना कळते. पिशाच्चांनी ब्रॉन्क्सच का निवडले? त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की येथली माणसे नाहीशी झाली तरी कोणी दखल घेत नाही. भिंतीवर हरवलेल्यांची पत्रके लागत राहतात, आणि पत्रकांपुढे काही घडत नाही. विनोदी चित्रपटाच्या मध्यभागी ठेवलेली ही कल्पना हास्याचा विषय नाही. ज्या वस्तीकडे पन्नास वर्षे कोणी पाहिले नाही ती फुकट गेल्यासारखी वाटू लागते. आणि ती स्वस्त झाली, की तीच घेण्याजोगी ठरते. उपेक्षा आणि खरेदी या एकाच प्रक्रियेच्या दोन अवस्था आहेत. २०१५ साली दक्षिण ब्रॉन्क्सच्या नदीकाठी इमारती उठवू पाहणाऱ्यांनी त्या भागाला 'पियानो डिस्ट्रिक्ट' असे नवे नाव देऊ केले होते. एके काळी तेथे पियानोचे कारखाने होते म्हणून. जुन्या रहिवाशांना ते नाव रुचले नाही. आपली वस्ती दुसऱ्याने नव्याने शोधून काढावी आणि तिला नाव द्यावे, याचा अर्थ आपण तेथे कधी नव्हतोच असा होतो, हे त्यांना बरोबर उमगले होते.

आता रसविचाराकडे येऊ. आमच्या वाचकांना स्मरत असेल, की विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त हास्यरसाचा भयानक आणि करुण या दोन रसांशी विरोध सांगितला आहे. हा चित्रपट तर हे तिन्ही रस एकत्र आणतो. मग तो रसभंगाचा नमुना का ठरत नाही? विरोधी रसांना भिन्न आश्रय दिला असता त्यांचा विरोध मावळतो, असा मार्ग आनंदवर्धनाने दाखविलेला आहे. आणि या चित्रपटाचा पूर्वार्ध त्या सूत्राचे जणू उदाहरणच आहे. भय मुलांच्या ठायी आहे, हसू मोठ्यांच्या. मुले घाबरून सांगतात आणि मोठी माणसे हसतात. प्रेक्षक मुलांबरोबर भितो आणि मोठ्यांबरोबर हसतो. परंतु जसजशी कथा पुढे जाते तसतसे आपले ते हसणे आपल्यालाच बोचू लागते. कारण मुलांचे खरे आहे हे आपल्याला ठाऊक झालेले असते. ज्या अविश्वासावर विनोद उभारलेला आहे तोच अविश्वास पिशाच्चांचे सर्वांत मोठे संरक्षण आहे. लहान मुलाच्या बोलण्याला हसणे आणि गरीब वस्तीच्या तक्रारीला हसणे, यांतले साम्य न सांगता सुचविले जाते. यालाच आपले शास्त्रकार ध्वनी म्हणत. टोनीचा बळी जातो तेथे करुण येतो. या ठिकाणी दिग्दर्शकाने विनोदाला थोडा वेळ तरी आवर घातला आहे, हे त्याच्या औचित्यबुद्धीचे लक्षण होय.

मुलांना नायक करून त्यांच्यावर घर वाचविण्याची जबाबदारी टाकणारे चित्रपट यापूर्वीही झाले आहेत. १९८५ सालच्या 'द गूनीज'मध्ये मुलांची घरे कर्जापायी श्रीमंतांच्या क्रीडासंस्थेच्या घशात जाणार असतात. मुले चाच्यांचा खजिना शोधतात आणि घरे वाचतात. २०११ सालच्या 'अटॅक द ब्लॉक'मध्ये दक्षिण लंडनच्या सरकारी चाळीतली मुले परग्रहावरच्या श्वापदांशी झुंजतात. खजिना सापडणे हा प्रश्नाचा तोडगा म्हणजे मनाचे मांडे होत. कोणाचे घर खजिन्याने वाचत नाही. त्या मानाने मिगेलची योजना किती साधी, किती खरी! पत्रके लावावयाची, मेळावा भरवावयाचा, थोडे थोडे पैसे गोळा करावयाचे. आमच्या पिढीची मुले 'फास्टर फेणे'च्या मागे धावली. त्या बनेशचे धाडस त्याच्या पायांत आणि डोक्यात होते. मिगेलचे धाडस त्याच्या ओळखीपाळखीत आहे. गल्लीतल्या प्रत्येकाला तो नावाने ओळखतो, आणि शेवटी हीच ओळख शस्त्र ठरते. कारण अखेरच्या प्रसंगी सगळी गल्ली घराबाहेर पडते. बॉबी हे पात्र आम्हांला विशेष वाटले. त्याला टोळीत ओढू पाहणारा तरुण वस्तीतलाच आहे. वस्ती बाहेरच्यांनी पोखरली जात असताना आतूनही पोखरली जाते, हे चित्रपटाने झाकून ठेवलेले नाही.

इतके गुण सांगितल्यावर दोषही तितक्याच मोकळेपणाने सांगितले पाहिजेत.

पहिला दोष रूपकाच्या मुळाशीच आहे. पिशाच्च दुष्ट असते, आणि दुष्टाला ओळखणे सोपे. वस्तीपालटात मात्र कोणी तसा दुष्ट भेटत नाही, हेच त्याचे खरे भय आहे. नवे राहावयास येणारे जोडपे दुष्ट नसते. त्यांनाही परवडणारे घर हवे असते. दुकान विकणारी बाई दुष्ट नसते. आयुष्यभर उभे राहून दमलेल्या तिला विसावा हवा असतो. सही घेणारा कारकून दुष्ट नसतो. सर्वजण आपापल्या परीने वाजवी वागतात, आणि तरी वस्ती मरते. चित्रपटातली नवागत तरुणी व्हिव्हियन हिच्या रूपाने हा अवघड प्रश्न दाराशी आला होता. ती आरंभी मिगेलशी गोड बोलते, साधीसुधी वाटते. खांद्याला कापडी पिशवी अडकवून येणाऱ्या नव्या शेजाऱ्यांवर चित्रपटात थट्टाही आहे. ती तशीच साधी राहिली असती, आणि तिच्या येण्यानेच भाडी चढत असती, तर कथेला केवढी खोली आली असती! परंतु अखेर तीच पिशाच्चांची सूत्रधार निघते. प्रेक्षकाची सुटका झाली. प्रश्न तेथेच राहिला.

दुसरा दोष विकणाऱ्यांविषयीचा. विकणारी सर्व माणसे मरतात. कथेच्या सोयीने हे ठीक. परंतु त्यातून नकळत असा अर्थ निघतो, की जागा विकणे हे पाप आणि मरण हे त्याचे प्रायश्चित्त. जो मालक आहे त्याला निदान विकावयास काही आहे. भाडेकरूला तेवढाही विकल्प नसतो. टोनीच्या भाड्याच्या अडचणीने कथेला तोंड फुटते, पण पिशाच्चे आल्यावर भाडे मागेच राहते. मालक आणि भाडेकरू यांच्या हितसंबंधांतला भेद वस्तीपालटाच्या केंद्रस्थानी असतो. तो या चित्रपटाने 'आपली गल्ली' या भावनेत विरघळवून टाकला आहे.

तिसरा दोष शेवटाचा. पिशाच्चांचा नाश होतो आणि गल्लीत मेळावा भरतो. बालकथेला सुखान्त हवा, हे आम्हांला मान्य आहे. परंतु कंपनीने घेतलेल्या घरांची खरेदीखते कोणाच्या नावावर राहिली, हा प्रश्न तेरा वर्षांच्या चाणाक्ष मुलालाही पडेल. मालक राख झाला म्हणून मालकी राख होत नाही. पिशाच्चांनी आपले बिऱ्हाड जुन्या न्यायालयाच्या इमारतीत केलेले दाखविले आहे. ही कल्पना सूचक होती, पण तिचा उपयोग केवळ अंधाऱ्या जिन्यांपुरता झाला. वास्तवातल्या ब्रॉन्क्समध्ये भाडेकरूंची झुंज पुष्कळदा न्यायालयातच होते. घराबाहेर काढण्याच्या दाव्यात अल्प उत्पन्नाच्या भाडेकरूला वकील मिळावा, असा कायदा न्यूयॉर्क शहराने २०१७ साली केला, तो भाडेकरूंच्या संघटनांनी चालविलेल्या दीर्घ चळवळीनंतर. आगीच्या काळातसुद्धा, १९७७ साली, केली स्ट्रीटच्या केळीसारख्या वळणावरच्या रहिवाशांनी 'बनाना केली' ही संस्था काढली, आणि जागा सोडून जाण्याऐवजी ती सुधारावी, असा निर्धार करून पडायला आलेली घरे स्वतःच्या हातांनी उभी केली. या वस्तीला लढण्याची परंपरा होती. चित्रपटातली मुले मात्र लढाईचे सर्व ज्ञान पिशाच्चांच्या चित्रपटांतून मिळवितात. शेजारच्या एखाद्या आजीने त्यांना त्या आगींची आणि त्या घरांची गोष्ट सांगितली असती, तर लसणाइतकीच तीही उपयोगी पडली असती.

आणि तरीही हे दोष मोजून चित्रपट बाजूला सारावा, असे आम्हांला वाटत नाही. याचे कारण आपल्याच वाङ्मयाकडे पाहिले म्हणजे कळते. वस्ती पालटण्याचा अनुभव मराठी माणसाला नवा नाही. १९८२ च्या संपानंतर मुंबईचे गिरणगाव कसे विझत गेले, गिरण्यांच्या जमिनी कशा मोकळ्या झाल्या, हे आपण पाहिले; जयंत पवार यांच्या 'अधांतर' या १९९७ सालच्या नाटकाने एका गिरणी कामगाराच्या घरातून ती पडझड समर्थपणे दाखविली. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील जुन्या मराठी पेठांत वाढलेल्या वाचकांनाही 'वाडा विकला' हे वाक्य कोणाच्या ना कोणाच्या घरी ऐकावयास मिळालेले असेल. परंतु हा अनुभव आपण लिहिला तो प्रौढांसाठी, आणि बहुतेक शोकाच्या सुरात. ज्या मुलाचे मित्र एकेक करून पांगले, ज्याचा खेळण्याचा बोळ गेला, ज्याला कोणी विचारले नाही आणि ज्याच्या सहीची कोणाला गरज पडली नाही, ते मूल आमच्या वाचनात फारसे आलेले नाही. त्याला बोलके करणारी, त्याला हसविणारी आणि घाबरविणारी गोष्ट तर आम्हांला मुळीच आठवत नाही. आपल्या बालवाङ्मयात भुते विपुल आहेत, घरभाडे नाही.

मुलांच्या मनाला असे विषय पेलणार नाहीत, अशी शंका काही शिक्षक घेतील. आमचा अनुभव उलट आहे. घरात दारामागे चाललेली कुजबुज मुलाच्या कानावर जातेच. मालक काय म्हणाला, पुढच्या महिन्यात कोठे जावयाचे, शाळा बदलावी लागेल काय. हे शब्द त्याला कळतात आणि ते कोणाला विचारता येत नाहीत. न विचारता आलेल्या प्रश्नाचेच भूत होते. या चित्रपटाने त्या भुताला चेहरा दिला, नाव दिले, आणि त्याच्याकडे पाहून हसण्याचे धैर्य दिले. त्याने उत्तर दिले नाही, आणि जे दिले ते फार सोपे दिले, हा आमचा आक्षेप कायम आहे. परंतु विश्वास न ठेवणाऱ्या मोठ्यांच्या जगात मूल जेव्हा खरे सांगते, तेव्हा त्याचे ऐकून घेतले पाहिजे, हा त्याचा आग्रह मोलाचा आहे. आणि तो आग्रह आम्हां शिक्षकांना उद्देशून आहे, असे समजूनच आम्ही तो स्वीकारतो.

आपल्याकडे गावाच्या शिवेवर राखणदाराला वर्षातून एकदा नारळ देण्याची चाल आहे. मोठ्यांनी शीव सोडली तेव्हा ब्रॉन्क्सच्या तीन मुलांनी ते राखणदाराचे काम अंगावर घेतले. त्यांच्या साधनांत उणेपणा आहे. त्यांनी राखण केली ती जागा मात्र बरोबर ओळखली आहे. असा एखादा राखणदार मराठी बालवाङ्मयाच्या शिवेवरही कोणी लेखक लवकरच उभा करील, अशी आशा बाळगून आम्ही हे विवेचन पुरे करतो.